शनिवारची मंडई

माझ्या हातून प्रसिद्ध झालेल्या सगळ्या मजकुरात जो सर्वांत जास्त वाचला गेला, तो एका बैलाबद्दल होता, आणि तो मी लिहिलेलाही नव्हता.

पवनीच्या एका साप्ताहिकात मी अठ्ठावीस वर्षं काढली. हुद्दा कंपोझिटरचा. पुढे त्याला डीटीपी ऑपरेटर म्हणू लागले, आणि शेवटी साहेबांनी, म्हणजे आमच्या मालक-संपादकांनी, माझ्या ओळखपत्रावर ‘तांत्रिक प्रमुख’ असं छापून घेतलं. छापलं मीच. माझ्या हाताखाली एक प्रिंटर आणि एक टेबलफॅन होता, तेव्हा प्रमुख म्हणायला हरकत नव्हती. माझ्या कामाची योग्यता सांगायची तर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरही चांगले चार महिने मी तिकडच्या बातम्या ‘आपला जिल्हा’ या सदरात लावत होतो. वाचकांची तक्रार आली नाही. लोक सदराचं नाव वाचत नाहीत, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या ज्ञानावर मी पुढची बरीच वर्षं निभावून नेली.

छापील अंक परवडेनासा झाला तेव्हा साहेबांनी ब्लॉग काढायचं ठरवलं. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरचं फुकटातलं वर्तमानपत्र. त्यात छापखाना नाही, कागद नाही, टपाल नाही. फक्त बसून मजकूर टाकायचा. पण रोज गावोगावच्या तीस-चाळीस सूचना यायच्या. कुणाचं लग्न, कुणाचा दहावा, जयंतीची मिरवणूक, हरवलेलं जनावर, सापडलेलं पाकीट. मी एकेक टाकत बसायचो. बोटं दुखायची. मग पुतण्याने एकदा एक व्हिडिओ दाखवला आणि माझ्या डोक्यात ऑटोमेशन शिरलं.

ते काय असतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घराचा स्लॅब टाकताना माणसांची रांग लागते. खाली एक जण घमेलं भरतो, ते हातोहात वर जातं, वरचा ओततो. कुणी कुणाला काही विचारत नाही. वर्कफ्लोचं साधन म्हणजे तशीच रांग, फक्त माणसांच्या जागी संगणकाच्या पडद्यावर चौकोनी डबे असतात आणि डब्यांना जोडणाऱ्या रेघा. पहिला डबा बघतो, की कुणी मोबाइलवरचा फॉर्म भरला का. दुसरा तो मजकूर तक्त्यात लिहितो. तिसरा त्याला शीर्षक वगैरे लावून नीटनेटकं करतो. चौथा तो ब्लॉगवर नेऊन ठेवतो.

आता ब्लॉगला दोन दारं असतात. पुढचं दार माणसांसाठी. तिथून आपण पासवर्ड टाकून आत जातो. मागचं दार यंत्रांसाठी, त्याला एपीआय म्हणतात. मागच्या दाराने येणाऱ्याने सगळं ठरल्या जागी आणावं लागतं. शीर्षक इथे, मजकूर इथे, तारीख इथे. जरा इकडचं तिकडे झालं की दार एक आकडा सांगून बंद होतं. चारशे म्हणजे सामान नीट बांधलेलं नाही. चारशे एक म्हणजे चावी चालत नाही.

ती चावी दर सात दिवसांनी मरायची. मी तीन महिने समजत होतो, की बाजाराच्या दिवशी टॉवरवर ताण येतो. दर आठवड्याला नवी चावी घ्यायचो आणि साहेबांना टॉवरची थिअरी समजावून सांगायचो. त्यांनी ती पुढे दोन सभांमध्ये वापरली. नंतर कळलं, की मी ती जोडणी ‘चाचणी’ या खुणेवरच ठेवली होती आणि चाचणीची चावी सातच दिवस जगते. एक खूण बदलायची होती. टॉवर निर्दोष होता. साहेबांना मी ते सांगितलं नाही.

बैलाचं असं झालं. पोळा होऊन दोन दिवस झाले होते. कोंढ्याकडच्या एका शेतकऱ्याने फॉर्म भरला : पांढरा बैल हरवला आहे, शिंगं निळी रंगवलेली आहेत. माझ्या रांगेने तो मजकूर उचलला, ब्लॉगवर टाकला आणि मी घरी गेलो. मजकूर टाकून झाल्यावर तक्त्यात त्या ओळीपुढे ‘झालं’ असं लिहिणारा एक डबा लागतो. तो लावायला मी विसरलो होतो. त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी रांग तक्ता बघायची, तिला ती ओळ नवीच वाटायची, आणि बैल पुन्हा हरवायचा. सकाळी अकरा वाजता मी ऑफिसला आलो, तोवर पासष्टच्या वर बैल हरवले होते. शेतकऱ्याचा फोन आला.

“भाऊ, बैल कालच सांजेले घरी आला. आता बंद करा ना बाप्पा. लोकं माह्या दारात निळ्या शिंगाचे बैल आनून बांधून राहिले. माह्यापाशी तेवढा कडबा नाई.”

पोळ्यानंतर निम्म्या तालुक्यातल्या बैलांची शिंगं निळी असतात, हे मला फॉर्म बनवताना सुचलं नव्हतं.

अशा चुकांमुळे माझी ख्याती वाढली, हे खोटं नाही. लोक ब्लॉग उघडून बघायचे, की आज काय झालं. साहेब खूश होते. आणि मी, ज्याने आयुष्यभर कंपोझिंग करून मान वाकडी करून घेतली, तो आता खुर्चीत मागे रेलून सांगू लागलो, की यंत्र सगळं करतं.

इथे छापखान्यातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे लग्नाची पत्रिका असो की मयताची सूचना, प्रूफ दाखवल्याशिवाय छपाई नसे. गिऱ्हाईक समोर बसून वाचायचं, बोट ठेवून वाचायचं, आणि खाली सही करायचं. एकाने सही करताना नवरीचं नाव बदलून दिलं होतं. लग्नच दुसरीकडे ठरलं होतं. प्रूफ नसतं तर काय झालं असतं. ऑटोमेशन आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे प्रूफ बंद. फॉर्म भरला की मजकूर थेट बाहेर. मध्ये माणूस नको. या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि तो मी मोतीराम गुरुजींसमोर दाखवला.

गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. गावाचं नाव मी लिहीत नाही; तिथले लोकही आता ते घेत नाहीत, ‘जुनं गाव’ म्हणतात. गाव उठलं तेव्हा काही घरं पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत गेली, काही कोंढ्याच्या बाजूला, काही उमरेडकडे, काही नागपुरात, आणि एक घर तर पार आंबागडला, लेकीच्या गावी. गुरुजी नव्या वस्तीत राहिले.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडयांचा हंगाम सुरू होतो. बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमच्याकडे मंडई म्हणजे गावाचा वर्षातला एक दिवस. दुकानं लागतात, पाळणे येतात, लेकी-जावई येतात, सोयरे येतात, आणि दुपारी दंडार उभी राहते, म्हणजे ढोलकीवर गाणी, नाच आणि सोंगं. जुन्या गावाची मंडई गाव उठलं त्या वर्षापासून बंद होती. गुरुजींच्या मनात आलं, की नव्या वस्तीच्या मैदानात ती पुन्हा भरवावी आणि जुन्या गावच्या सगळ्यांना बोलवावं.

ते आमच्या ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही होती. तिच्यात जुन्या गावची घरं ओळीने लिहिलेली होती; आडनावांप्रमाणे नाही, गल्लीप्रमाणे. पाटाकडून सुरुवात, मग पिंपळ, मग शाळेमागची ओळ.

“नरेशभाऊ,” ते मला म्हणाले, “एवढ्या लोकायले फोन करनं माह्यानं होत नाई. अर्ध्यायचे नंबर बदलले. तुमचं ते यंत्र एका टायमाले सगळ्यायले सांगते ना?”

“सांगते, गुरुजी. ब्लॉगवर टाकतो आणि त्याची लिंक तुमच्या गावच्या ग्रुपवर आपोआप जाते.”

“मले प्रूफ दाखवसान ना?”

“आता प्रूफ नसते, गुरुजी.”

“काहून?”

“चुकते तं माणूस चुकते. यंत्र नाई चुकत.”

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चौथीत असताना माझ्या गुरुजींनी असंच पाहिलं होतं. पुढे काय झालं, ते लिहिण्यासारखं नाही. या गुरुजींनी मात्र वही उघडून एका नावावर बोट ठेवलं. सायत्राबाई.

सायत्राबाईचा नवरा दंडारीत ढोलकी वाजवायचा. तो गाव उठायच्या आधी वारला. गावातून सगळ्यांत शेवटी निघाली ती सायत्राबाई. बाकी घरांची कौलं उतरली, दारं-चौकटी ट्रॅक्टरमध्ये गेल्या, तरी ती आठ दिवस एकटी राहिली. मग ढोलकी घेऊन नागपूरला मुलाकडे गेली आणि नव्या वस्तीत पाय ठेवणार नाही असं सांगून गेली. तेव्हापासून ती आलेली नव्हती. लग्नाला नाही, मयतीलाही नाही.

“यंदा येतो म्हणाली,” गुरुजी म्हणाले. “ढोलकी घेऊन येतो म्हणाली. मी सांगतलं, तारीख नातवाच्या मोबाइलवर येईन. बाई आली तं मंडई झाली समजा. नाई आली तं मंग नुसते पाळनेच हायेत.”

मी तिथल्या तिथे गुरुजींच्या मोबाइलवर फॉर्म उघडून दिला. त्या वर्षी मी मंडयांसाठी खास फॉर्म केला होता. गावाचं नाव लिहायचं, कॅलेंडरवर तारखेवर बोट ठेवायचं, बस्स. वाक्य यंत्र तयार करायचं. वारही तेच शोधायचं. गुरुजींनी रविवारच्या तारखेवर बोट ठेवलं. मी स्वतः पाहिलं. रविवारच होता.

आता चूक सांगतो. फॉर्ममधून नुसती तारीख येते, वेळ येत नाही. यंत्राला नुसती तारीख आवडत नाही. म्हणून ते वेळ आपल्या मनाने धरतं, तारीख सुरू होते ती वेळ, रात्रीचे बारा. आणि ज्या परदेशातल्या संगणकावर माझी रांग चालत होती, तिथलं घड्याळ लंडनच्या वेळेवर होतं. आपल्याकडे रविवार लागतो, तेव्हा तिकडे शनिवारचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. यंत्राने प्रामाणिकपणे तिकडचं बघून वाक्य केलं : मंडई शनिवारी. ते वाक्य ब्लॉगवर गेलं, लिंक ग्रुपवर गेली.

गुरुजींनी ते वाचलं नाही. तारीख त्यांनीच दिली होती, स्वतःचीच तारीख कोण वाचतं? मी वाचलं नाही, कारण मी ते न वाचण्यासाठीच तर यंत्र बसवलं होतं.

पण चूक त्या एकाच गावापुरती नव्हती. त्या मोसमातल्या सगळ्याच मंडया मी एक दिवस आधी भरवल्या होत्या. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण बाकी गावांच्या मंडयांचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. लोक ते मनात धरून असतात, ब्लॉग बघून कोणी मंडईला जात नाही. फक्त या एका गावाचा दिवस नवा होता आणि तो कळायला ब्लॉगशिवाय दुसरी जागा नव्हती.

मला कुणी सांगितलंच नाही असंही नाही. आमच्या ऑफिसखाली चहाची टपरी होती, भगवानभाऊंची. ते एकदा कप ठेवता ठेवता म्हणाले, “नरेशभाऊ, आमच्या गावची मंडई तुमी एक रोज अगोदर देल्ली.”

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, “मोबाइल जुना झाला, भगवानभाऊ. तारीख मागे पडते याची. दाखवून घ्या कोणाला.”

त्या सज्जन माणसाने तो खरंच दुरुस्तीला टाकला.

तो शनिवार. सकाळचे दहा-सव्वादहा झाले असतील, मी टपरीवरच होतो. गुरुजींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, वर्गात प्रश्न विचारावा तसा.

“नरेशभाऊ, मंडई कधी हाय?”

“उद्या, गुरुजी.”

“मंग आज हे लोक कायले आले?”

मी भगवानभाऊंकडे पाहिलं. त्यांनी गल्ल्यातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. “दुरुस्त झाला बरं,” ते म्हणाले. “आताबी शनिवारच दाखवून राहिला.”

मोटरसायकलवर मी नव्या वस्तीत पोचलो. मैदानात बांबू आडवे पडले होते, मांडवाचे खड्डेही खणून झाले नव्हते. एका टेम्पोजवळ पंचवीसेक माणसं नव्या कपड्यांत उभी होती. उमरेडकडून आलेली. एक फुगेवाला सगळे फुगे फुगवून बसला होता. आंबागडचा म्हातारा पहाटेपासून तीन गाड्या बदलून आला होता आणि पिशवी मांडीवर घेऊन बांबूंच्या ढिगावर बसला होता. मला बघून एक जण म्हणाला, “हे पाय, यंत्रवाले आले.”

“भाऊ, दंडार कुठी हाय? मोबाइलमंदी?”

“आमी तुमच्या भरोशावर धानाची कापनी सोडून आलो ना बाप्पा.”

मी तिथेच मोबाइल उघडला, वाक्य वाचलं, वार वाचला, आणि पोळ्याच्या बैलांपासून टॉवरपर्यंत सगळं एकदम आठवलं. काय झालं ते मला जागच्या जागी कळलं, ही माझी तांत्रिक प्रमुख म्हणून एकमेव जमेची बाजू. मी लोकांना लंडनचं घड्याळ समजावून सांगितलं. पाच तास तीस मिनिटांचा फरक हाताने हवेत काढून दाखवला. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी टेम्पोतल्या एक बाई म्हणाल्या, “म्हंजे इंग्रज गेले, पन त्याईचं घड्याळ आमच्या मंडईत राह्यलं.”

लोक हसले. माझा जीव जरा भांड्यात पडतोय, तोच टेम्पोचा ड्रायव्हर गुरुजींना म्हणाला, “गुरुजी, सायत्राबाई दिसली होती ना थांब्यावर. आमी येऊन राहिलो होतो, ते नागपूरच्या गाडीत चढून राहिली होती. हातात कपड्यात गुंडाळलेलं कायतरी होतं.”



सायत्राबाई सगळ्यांत आधी आली होती, पहिल्या गाडीने. मैदान रिकामं होतं. बांबूसुद्धा नंतर आले. तिने कुणाचं दार वाजवलं नाही, कुणाला विचारलं नाही. आली आणि गेली.

गुरुजी बांबूंच्या ढिगावर आंबागडच्या म्हाताऱ्याशेजारी बसले. त्यांनी वही उघडली, खिशातून पेन काढलं, तिच्या नावापुढे ‘आली’ असं लिहिलं आणि वही मिटली. मला ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सायत्राबाईच्या नातवाला फोन लावला. तो कंपनीत ड्यूटीवर, उचलेना. मी म्हटलं, “मी जातो नागपूरले.”

“जाऊन का सांगसान?”

“लंडनचं सांगतो.”

“नोका सांगू,” गुरुजी म्हणाले. “गलती झाली म्हना. तेवढं पुरते.”

निघताना पाहिलं, तर टेम्पोतल्या माणसांनी नवे शर्ट काढून टेम्पोवर टाकले होते आणि खड्डे खणायला घेतले होते. आल्यासारखं काहीतरी करावं म्हणून असेल. फुगेवाला फुगे धरून तसाच उभा होता. ते पुन्हा मोकळे करता येत नाहीत.

उमरेड रोडने नागपूर गाठायला मला दोन तास लागले. दोन तास मी वाक्यं जुळवत होतो. सायत्राबाई मुलाच्या घरासमोर ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी जवळपास पंचावन्नचा, केस पिकलेले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कोन गा तू?”

“मावशी, मी तो ब्लॉगवाला. मंडईची तारीख माझ्यामुळे चुकली. मंडई उद्या आहे. गुरुजींनी पाठवलं, चला.”

“बस,” ती म्हणाली. पाणी दिलं. मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

“गलती माझी आहे, मावशी. तुम्हाला उगाच एवढ्या लांबून...”

“उगाच काहून?” ती म्हणाली. “मी तं येऊन गेली ना.”

“पण मैदानात कोणी नव्हतं.”

“तेच बरं झालं. नातवानं सांगतलं तवापासून मले झोप नाई. म्हनलं एवढे सारे लोक भेटतीन, एक एक जन इचारन, का व माय, कशी हायेस, बुढ्याबिगर करमते का, पोरगा नीट ठेवते का. मी कोनाकोनाले सांगू? गाडीतून उतरली तं कोनीच नाई. मले वाटलं, मंडई होऊन गेली. नाईतं मोडली. मी बसली थोडा वेळ.” तिने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. “जुनं गाव शेवटी असंच झालं होतं. रिकामं. मी आठ रोज राह्यली होती तठी. मले सवय हाय रिकाम्याची.”

मी जुळवलेली वाक्यं एकेक करून सोडून दिली.

“ढोलकीवर दोन थापा मारल्या,” ती म्हणाली. “बुढ्याले सांगतलं, आनलं बाप्पा तुले मंडईत. आन आली वापस.”

उद्या येणार का, असं मी आणखी दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा नाही म्हणाली, रागाने नाही. मग आत गेली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ढोलकी आणून तिने माझ्या मांडीवर ठेवली. “हे ने. दंडार थांबू नोको. वापस आनून देजो, आन तू सोता आनून दे. तुह्या यंत्राच्या हाती पाठवू नोको.”

दिवेलागणीला मी ढोलकी पाठीला बांधून मैदानात परत आलो, तेव्हा मांडव उभा होता.

रविवारी मंडई भरली. चांगली भरली. आदल्या दिवशी आलेले गेलेच नव्हते. ज्याच्या जुन्या गल्लीतलं जे घर वस्तीत होतं, तो तिथे राहिला. दंडारीच्या आधी गुरुजींनी वही काढली आणि हजेरी घेतली. पाटाकडची ओळ, पिंपळाची ओळ. म्हातारी माणसं शाळेतल्यासारखी ‘हजर’ म्हणत होती, जी वारली होती त्यांच्या नावाला घरचं कोणीतरी हात वर करत होतं. शाळेमागच्या ओळीत सायत्राबाईचं नाव आलं. ढोलकी वाजवायला बसलेल्याने बोटं थांबवली.

“काल हजर होत्या,” गुरुजी म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

सोमवारी मी दोन कामं केली. सकाळी नागपूरला जाऊन ढोलकी परत दिली. दुपारी रांगेतलं घड्याळ आपल्या वेळेवर लावलं. त्याला एक ओळ पुरली. आणि चौथ्या डब्याच्या आधी मी एक नवा डबा घातला. तो काहीच करत नाही, थांबतो. ज्याची सूचना आहे त्याच्या मोबाइलवर मजकूर पाठवतो, त्याने वाचून होकार दिला तरच पुढे जातो. थोडक्यात, प्रूफ. भगवानभाऊंना मी दुरुस्तीचे पैसे देऊ केले. ते म्हणाले, राहू द्या, स्पीकरबी बिघडला होता, तोबी नीट झाला.

पुढच्या वर्षी गुरुजींनी मंडईचा फॉर्म भरला, आणि पंधरा मिनिटांनी दुसरा भरला. एकात रविवार होता, दुसऱ्यात शनिवार. मला वाटलं, बैल पुन्हा हरवला. मी फोन केला.

“दोन्ही बरोबर हायेत,” गुरुजी म्हणाले. “रविवारचं ग्रुपवर टाका. शनिवारचं फक्त एका नंबरवर.”

नंबर सायत्राबाईच्या नातवाचा होता.

ती आली. शनिवारी पहिल्या गाडीने आली, रिकाम्या मैदानात बसली, दोन थापा मारल्या, ढोलकी गुरुजींच्या ओट्यावर ठेवली आणि दुपारच्या गाडीने गेली. त्या वेळी गुरुजी मुद्दाम घराबाहेर पडले नाहीत. मंगळवारी मी ढोलकी पोचती केली. असं तीन वर्षं झालं. कामातून मी आता निवृत्त आहे, साप्ताहिकही नाही, पण ती रांग अजून चालते आणि तक्त्यातली ती एक ओळ मी हाताने तपासतो. वर्षभरातल्या सगळ्या सूचनांत वाचक एकच असलेली ती एकटीच.

गेल्या वर्षी मी स्वतः शनिवारी गेलो. मला वाटलं होतं, लांबून बघावं. पण तिथे उमरेडचा टेम्पो उभा होता. आंबागडचा म्हातारा होता. पंधरा-वीस माणसं खड्डे खणत होती, आणि गुरुजी बांबू मोजत होते. कुणी कुणाला सांगितलं, मला माहीत नाही. माझ्या यंत्राने नाही, एवढं मी नोंदी बघून सांगू शकतो. कुणी सायत्राबाईकडे बघत नव्हतं. सगळे खाली मान घालून काम करत होते, आणि ती कडेला ढोलकी घेऊन बसली होती. मी जाऊन जवळ उभा राहिलो.

तिने एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“या लोकायलेबी चुकीची तारीख देल्ली का रे तुनं?”

मी हो म्हणालो.